पासवर्ड आपण निवडू नये, फाशाला निवडू द्यावा

जून २०२५ मध्ये सगळ्या वाहिन्यांवर एकच बातमी फिरत होती: '१६०० कोटी पासवर्ड फुटले'. जगाची लोकसंख्याच आठशे कोटींच्या थोडी वर, म्हणजे माणशी जवळजवळ दोन. त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला. "अगं, माझाही फुटला असेल का गं?"

बातमीतला आकडा खरा असला तरी ती कुठल्या एका कंपनीवर पडलेली नवी धाड नव्हती. लोकांच्या संगणकात गुपचूप शिरून तिथे साठवलेले पासवर्ड उचलणारे प्रोग्रॅम असतात. त्यांनी वेळोवेळी गोळा केलेला माल आणि जुन्या चोऱ्यांमधला माल एकत्र सापडला होता, आणि त्यात पुष्कळ नोंदी दुबार होत्या. हे मी मावशीला सांगितलं. पण तिचा प्रश्न रास्तच होता, म्हणून रविवारी तिच्याकडे गेले.

तिचा पासवर्ड असा: नातवाचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल, मग ॲटचं चिन्ह, मग त्याचं जन्मसाल. मेलला तोच, वीजबिलाला तोच, साड्यांच्या वेबसाइटला तोच, बँकेलाही तोच. ती जरा अभिमानानेच म्हणाली, "यात कॅपिटल आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत. टाईप केलं की हिरवी पट्टी येते, स्ट्राँग म्हणून."

पट्टी हिरवी येते, हे खरंच आहे. तरीही तो पासवर्ड अतिशय कच्चा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळलं की पासवर्डचा सगळा विषय कळतो.

कंपनीकडे पासवर्ड नसतो, पीठ असतं

आपण एखाद्या साइटवर खातं उघडतो तेव्हा आपला पासवर्ड तिथे जसाच्या तसा लिहून ठेवलेला नसतो. निदान नसावा. तो आधी एका गणिती गिरणीतून दळला जातो आणि फक्त पीठ साठवलं जातं. या दळण्याला 'हॅश' म्हणतात. पिठातून पुन्हा गहू करता येत नाही, तसा हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. मात्र तोच गहू पुन्हा दळला तर तेच पीठ पडतं. म्हणून लॉगिन करताना आपण जे टाईप करतो ते साइट पुन्हा दळते आणि आधीच्या पिठाशी ताडून बघते. जुळलं की दार उघडलं.

सगळेच हे पाळतात असं नाही. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीकडून ३ कोटी २० लाखांवर पासवर्ड चोरीला गेले, आणि ते दळलेले नव्हतेच, अख्खे गहू पोत्यात भरून ठेवलेले. त्यातल्या २ लाख ९० हजारांच्या आसपास लोकांचा पासवर्ड '१२३४५६' होता. माणसं एकांतात, कुणी बघत नसताना कसे पासवर्ड निवडतात हे जगाला पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसलं. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांची बाराखडी आहे.

आणखी एक अडचण असते. दोघांचा पासवर्ड सारखा असेल तर दोघांचं पीठही सारखंच. मग चोराने एक अंदाज एकदा दळला की तो सगळ्यांच्या पिठाशी ताडून बघता येतो. यावर उपाय म्हणून दळण्याआधी प्रत्येकाच्या गव्हात वेगवेगळी चिमूट टाकतात. तिला इंग्रजीतही मीठच म्हणतात, 'सॉल्ट'. चिमूट वेगळी म्हणून पीठ वेगळं, म्हणून चोराला प्रत्येकासाठी वेगळं दळण काढावं लागतं. २०१२ मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींच्या साइटमधून पासवर्ड चोरीला गेले तेव्हा ते दळलेले होते, पण बिनमिठाचे. सुरुवातीला आकडा ६५ लाखांचा वाटला. २०१६ मध्ये कळलं की तो ११ कोटी ७० लाखांच्या घरात होता.

चोर किती वेगाने दळतो

बरेच जण असं समजतात की हॅकर आपल्या लॉगिनच्या पानावर बसून एकेक अंदाज टाईप करतो. तसं केलं तर पाच-दहा चुकांनंतर साइट त्याला अडवते. खरा धोका वेगळा आहे. तो पिठाची सगळी पोती चोरून आपल्या घरी नेतो. तिथे त्याला अडवायला कुणी नाही. तो निवांत अंदाज दळत बसतो आणि ताडून बघतो.

निवांत म्हणजे किती वेगाने? गेम खेळणारी मुलं संगणकात जे महागडं ग्राफिक्स कार्ड लावतात, तसं एकच चांगलं कार्ड 'एमडी५' या जुन्या पद्धतीचं दळण सेकंदाला १५ हजार कोटींहून जास्त वेळा काढतं. एका सेकंदात १५ हजार कोटी अंदाज.

आता हिशोब करू. आपला मोबाइल नंबर पासवर्ड ठेवणारे खूप आहेत. दहा आकडे, पहिला ६ ते ९ मधला, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. पापणी लवायच्या आत सगळ्या संपल्या. जन्मतारीख? शंभर वर्षांत दिवसच ३६,५२५. आठ लहान इंग्रजी अक्षरं, कशीही? शक्यता २० हजार ८८२ कोटी, म्हणजे दोन सेकंदही नाहीत. कीबोर्डवरची ९५ च्या ९५ चिन्हं वापरून खरोखर कशीही निवडलेली आठ अक्षरं? साधारण अर्धा दिवस.

शहाण्या कंपन्या आता मुद्दाम मंद दळतात. विजेच्या गिरणीऐवजी जातं म्हणा. १९९९ मध्ये आलेली 'बीक्रिप्ट' ही अशीच एक पद्धत, आणि तिच्यावर त्याच कार्डाचा वेग काही लाख पटींनी घटतो. पण कोणती साइट गिरणीवर दळते आणि कोणती जात्यावर, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून पासवर्ड असा हवा की गिरणीवरही टिकावा.

हिरवी पट्टी का फसवते

मावशीच्या पासवर्डमध्ये दहा-अकरा अक्षरं होती. वरच्या हिशोबाने तो आठपेक्षा पुष्कळ बरा वाटतो. पण चोर सगळ्या शक्यता क्रमाने तपासत बसतच नाही. तो आधी माणसांसारखा विचार करतो.

त्याच्याकडे नावांच्या याद्या असतात. भारतीय नावांची १० हजारांची यादी धरा. शंभर जन्मसालं. नाव आणि सालाच्या मध्ये येणारी दहा चिन्हं. पहिलं अक्षर कॅपिटल, सगळी कॅपिटल, सगळी लहान, असे तीन प्रकार. गुणाकार केला तर होतात ३ कोटी. आपल्या कार्डाला एका सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो.

हिरवी पट्टी फक्त चिन्हं मोजते. ते नाव तुमच्या नातवाचं आहे हे तिला ठाऊक नसतं. चोरालाही ते ठाऊक असायची गरज नाही. कुणीतरी आपल्या नातवाचंच नाव ठेवणार, एवढं त्याला पुरतं. 'ए'च्या जागी ॲट, 'एस'च्या जागी डॉलर, शेवटी उद्गारचिन्ह किंवा १२३, या सगळ्या युक्त्या आपल्याला आपल्या वाटतात, पण पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या नियम म्हणून लिहिलेल्याच असतात. देवांची नावं, गावाचं नाव, क्रिकेटपटू, महाराजांच्या राज्याभिषेकाचं साल, मुलाचं नाव उलटं, या सगळ्या वाटा मळलेल्या आहेत.

मला वाटतं, पासवर्डच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. आपण तो 'अवघड' करायला जातो, आणि करायला हवा तो 'परका'. आपल्या आयुष्याशी, आवडीशी, विचार करण्याच्या सवयीशी ज्याचा काही संबंध नाही असा. तसा पासवर्ड आपण डोक्याने निवडूच शकत नाही, कारण डोकं आपलंच असतं.

चिन्हांचा आग्रह आला कुठून

अमेरिकेत मानकं ठरवणारी निस्ट नावाची सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डबद्दलची मार्गदर्शक सूचना लिहिली. कॅपिटल हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, ठराविक दिवसांनी बदलायला हवा, हे जगभर पसरलं ते मुख्यत्वे तिथून. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बर यांनी एका वृत्तपत्राला सांगितलं की आपण जे केलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने सूचना बदलल्या. चिन्हांची सक्ती नको, उगाच दर तीन महिन्यांनी बदलायला लावू नका, लांबी वाढवू द्या, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असेल तो स्वीकारू नका. २०२५ च्या आवृत्तीत तर दाराला पासवर्ड हे एकच कुलूप असेल तिथे किमान १५ अक्षरं सांगितली आहेत.

दर ९० दिवसांनी बदलायला लावलं की माणूस काय करतो, हे कुठल्याही ऑफिसात विचारा. शेवटच्या १ चा २ करतो, २ चा ३. चोरालाही हे माहीत असतं.

दहाच्या नोटा, शब्दकोश आणि ल्युडोचा फासा

मावशी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे घरात जाडजूड मराठी शब्दकोश होता. नातवाच्या खेळण्यांतून ल्युडोचा फासा काढला. आणि तिच्या साखरेच्या जुन्या डब्यातल्या, भाजीसाठी ठेवलेल्या दहा-वीसच्या मळक्या नोटा घेतल्या.

रीत अशी. एक नोट उचलायची आणि तिच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे बघायचे. तो कोशाचा पान क्रमांक. कोश सहाशे पानांचा असेल आणि नोटेवर ७४३ निघालं तर ती नोट बाजूला, दुसरी घ्यायची. पान उघडलं की फासा टाकायचा. चार पडले तर पानावर वरून आपल्या ओळखीचा चौथा शब्द. तो कागदावर लिहायचा. पुन्हा नवी नोट, नवं पान, नवा फासा. असं पाच वेळा. नव्या कोऱ्या गड्डीतल्या नोटा मात्र नकोत, त्यांचे क्रमांक ओळीने असतात.

खरा पासवर्ड काढायच्या आधी सरावासाठी आम्ही एक काढला. तो इथे सांगायला हरकत नाही, कारण तो कुठेच वापरलेला नाही, आणि आता वापरायचाही नाही.

उंबरठा. गवंडी. कापूर. मोजणी. पाचव्या शब्दाला मावशीने नाक मुरडलं. "तरस! शी. हे काय संध्याकाळचं. त्यापेक्षा 'तुळस' घेऊ का?"

"नाही. तुळस तुला आवडते म्हणून सुचली. तरस कुणाला सुचणार नाही."

ती जरा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खरंय. माझ्या पोरींनासुद्धा वाटणार नाही मी तरस लिहीन."

हीच या रीतीची खुबी आहे, आणि इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. शब्द आवडला नाही म्हणून बदलला की फाशाचं काम गेलं आणि पुन्हा आपली आवड आली. भिशीची चिठ्ठी लहान मुलाला काढायला सांगतात ती का? मोठ्यांचा हात डब्यात वळवळतो म्हणून. इथेही तसंच. फासा पडला की शब्द पक्का.

ही कल्पना नवीन नाही. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये 'डाइसवेअर' नावाने ती मांडली: ७,७७६ इंग्रजी शब्दांची यादी, आणि पाच फासे टाकून प्रत्येक शब्द निवडायचा. सहाचा पाचवा घात ७,७७६ म्हणून तेवढे शब्द. आमच्याकडे तशी मराठी यादी नव्हती, म्हणून कोश आणि नोटा.

लक्षात कसं ठेवायचं? शब्द निवडताना डोकं बाजूला ठेवायचं, पण शब्द हातात आल्यावर ते खुशाल वापरायचं. उंबरठ्यावर एक गवंडी बसलाय, समोर कापूर पेटवलाय, त्याच्या उजेडात विटांची मोजणी चाललीय, आणि मागे अंधारात तरस उभं. एकदा डोळ्यांसमोर आलं की जात नाही. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीनदा टाईप करायचं, तोवर कागद कपाटात. बोटांना सवय झाली की कागदाची गरज उरत नाही.

"पण हे तर कोशातले साधे शब्द!"

मावशीनेही हेच विचारलं. कोशातला शब्द वापरू नये असं तिने कुठेतरी वाचलं होतं. एक शब्द वापरू नये हे बरोबर. पण पाच, तेही एकमेकांशी संबंध नसलेले, हा वेगळा हिशोब आहे.

सहाशे पानं, प्रत्येक पानावर सहा शब्द, म्हणजे एका जागेसाठी ३,६०० शक्यता. दुसऱ्या शब्दाला पुन्हा ३,६०० ने गुणायचं. पाच शब्दांपर्यंत गेलं की आकडा ६ हजार कोटी कोटींच्या वर जातो. असं धरा की चोराला आपला कोश माहीत आहे, रीतही माहीत आहे, त्याने हा लेखही वाचला आहे. तरीही त्या एका कार्डाला, सगळ्यात वेगवान गिरणीवर, सगळ्या शक्यता संपवायला दीड महिना लागेल. तेही फक्त आपल्या एकट्याच्या पासवर्डसाठी. जात्यावर दळणारी साइट असेल तर हा काळ लाखो पटींनी वाढतो. आणि सहावा शब्द जोडला तर गिरणीवरही साडेचारशे वर्षं. म्हणून मेल आणि तत्सम महत्त्वाच्या जागी मी सहा शब्द सांगते.

साइट आकडा आणि चिन्ह मागतेच, तर शब्दांच्या मध्ये एकच ठरलेलं चिन्ह आणि शेवटी एक आकडा घालून तिची समजूत काढायची. ताकद शब्दांत आहे, त्यात नाही.

लिपीबद्दल. देवनागरीत ठेवावासा वाटतो, पण बऱ्याच साइट तो घेत नाहीत, आणि सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर मराठी कीबोर्ड सापडेलच असं नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आपण मराठी जसं रोमनमध्ये लिहितो तसंच. फक्त स्पेलिंग एकदाच ठरवायचं. 'झाड' तुम्ही झेड घालून लिहिता की जे-एच घालून? 'चूल' मध्ये यू की डबल ओ? कागदावर शब्द लिहितानाच रोमन स्पेलिंगही शेजारी लिहा, नाहीतर चौथ्या दिवशी आपणच आपल्या दाराबाहेर.

अभंगाची ओळ चालेल का?

नाही. लांब असते, पाठ असते, म्हणून मोह होतो. पण ती आपल्यासारखीच लाखो लोकांना पाठ असते आणि इंटरनेटवर छापलेली असते. चोर पुस्तकं, गाणी, म्हणी, संवाद यांच्या ओळीही याद्यांत घालतात. म्हणींचंही तेच. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घेतलं तर जरा बरं, पण मूळ ओळ प्रसिद्ध असेल तर तेही कुणाला ना कुणाला सुचलेलं असतं.

मग एटीएमचा पिन चार आकडी कसा पुरतो?

चार आकडे म्हणजे फक्त १० हजार शक्यता. पण तिथे चोराला पीठ घरी नेता येत नाही. त्याला मशीनसमोर उभं राहून, हातात खरं कार्ड घेऊन अंदाज करावा लागतो, आणि मोजक्या चुकांनंतर कार्ड अडतं. दाराशी पहारेकरी उभा आहे म्हणून कडी छोटी चालते. यूपीआयच्या पिनचंही तसंच.

चारच का, याची गोष्ट छान आहे. लंडनजवळच्या एनफिल्डमध्ये १९६७ साली बार्कलेज बँकेचं पैसे देणारं मशीन सुरू झालं. ते बनवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडे होते, पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांची पत्नी म्हणाली की मला चारच लक्षात राहतात. ते चार अजून चालू आहेत.

पिन मात्र जन्मसाल किंवा १२३४ नको. तीन प्रयत्नांत चोर पहिल्यांदा तेच करून बघणार.

चाळीस खाती आणि एक किल्ली

पासवर्ड पक्का झाला तरी अर्धंच काम होतं. दुसरं अर्धं म्हणजे तो एकाच ठिकाणी वापरणं.

साड्यांच्या वेबसाइटची सुरक्षा बँकेसारखी कुठून असणार? तिथून मेलचा पत्ता आणि पासवर्ड फुटला की चोर माणूस नेमत नाही, प्रोग्रॅम नेमतो. तीच जोडी तो मेलवर, फेसबुकवर, शॉपिंगवर आपोआप लावून बघतो. मार्क झुकरबर्ग यांची ट्विटर आणि पिंटरेस्टवरची खाती जून २०१६ मध्ये काही वेळ चोरांच्या हातात गेली होती. चोरांचा दावा होता की त्यांनी लिंक्डइनच्या २०१२ च्या चोरीतला पासवर्ड लावून बघितला. फेसबुक चालवणाऱ्या माणसाचं हे, तर आपल्याला कसला कमीपणा वाटून घ्यायचा.

आपली जोडी कुठे फुटली आहे का हे बघायला ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट सुरू केली. फक्त मेलचा पत्ता टाकायचा, पासवर्ड नाही. मावशीचा टाकला तर तीन जुन्या चोऱ्यांची नावं आली. तिच्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं.

पण चाळीस खात्यांना चाळीस वेळा नोटा आणि फासे? नको. पाठ करायचे ते फक्त दोन-तीन: मेलचा, फोन किंवा संगणकाचा, आणि पासवर्ड मॅनेजरचा. मॅनेजर म्हणजे पासवर्ड ठेवण्याची कुलूपबंद पेटी. बाकीचे सदतीस तो स्वतःच तयार करतो, वीस-वीस अक्षरांचे, अर्थहीन, आणि स्वतःच भरतो. गूगल आणि ॲपलच्या फोनमध्ये तो आधीच असतो; बिटवॉर्डन, कीपास असे वेगळेही मिळतात. काही बँकांच्या साइट पंधरा-वीस अक्षरांपुढे घेत नाहीत, तिथे पाच शब्द मावत नाहीत, तेव्हाही मॅनेजरचाच पासवर्ड बरा.

सगळं एकाच पेटीत ठेवायची भीती वाटते, आणि ती पोकळ नाही. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीतून ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पेट्या कुलूपबंद होत्या, त्यामुळे प्रश्न मुख्य पासवर्डवर येऊन थांबला. ज्याचा कच्चा, त्याची पेटी धोक्यात. म्हणून पेटीला सहा शब्द. तरीही पेटी नसणं जास्त धोक्याचं, कारण पेटी नसली की माणूस एकच पासवर्ड चाळीस ठिकाणी लावतो. मी तरी असं कुणी बघितलेलं नाही ज्याने चाळीस वेगवेगळे पाठ केले.

पेटीचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. बँकेच्या नावाची हुबेहूब खोटी साइट उघडली तर आपले डोळे फसतात, पण पेटी पत्ता अक्षर न् अक्षर बघते आणि तिथे पासवर्ड भरतच नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज का भरला जात नाही, असा प्रश्न पडला की टाईप करू नका, आधी वरचा पत्ता वाचा.

वहीत लिहिलं तर?

मावशीच्या वयाच्या माणसांसाठी मी सरळ हो म्हणते. चोर हजारो मैल दूर आहे, त्याला तुमच्या कपाटातली वही दिसत नाही. वहीतले वेगवेगळे पासवर्ड हे डोक्यातल्या एकापेक्षा कितीतरी सुरक्षित. वही पर्समध्ये न्यायची नाही, तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचा नाही. घरात बाहेरच्यांचा वावर असेल तर मेल आणि बँकेचा एक शब्द वहीत लिहायचाच नाही, तो डोक्यात.

"ओटीपी येतो ना, मग कशाला?"

ओटीपी हे दुसरं कुलूप आहे, ते लावाच. एसएमएसपेक्षा दर तीस सेकंदांनी आकडा बदलणारं ॲप अधिक चांगलं, कारण सिमचा ताबा दुसऱ्याकडे गेला तर एसएमएसही जातो. पण आपल्याकडे बहुतेक फसवणूक कुलूप फोडून होत नाही. किल्ली आपण स्वतः हातात देतो. फोनवरचा गोड आवाज ओटीपी विचारतो, किंवा 'पैसे मिळण्यासाठी पिन टाका' म्हणतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता 'पासकी' नावाची सोय येतेय. त्यात पासवर्डच नसतो. फोनमध्येच एक गुप्त किल्ली असते आणि ती आपल्या बोटाच्या ठशाने उघडते. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये तिला एकत्र पाठिंबा जाहीर केला. साइट देत असेल तर जरूर घ्या. पण सगळीकडे पोचायला वेळ लागेल.

"माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

हे मावशीचं शेवटचं अस्त्र. पेन्शन, चार साड्यांच्या ऑर्डरी, नातवाचे फोटो. कुणाला काय हवंय त्यातलं?

मी तिला मेल उघडायला सांगितलं आणि बँकेच्या पानावर 'पासवर्ड विसरलात?' दाबायला लावलं. पुढच्या पायऱ्यांपैकी एक तिच्या मेलवर आली. वीजबिलाचं खातं, तेच. साड्यांचं, तेच. मेल ही घराची किल्ली नाही, सगळ्या किल्ल्या ज्या खिळ्याला टांगल्यात तो खिळा आहे. शिवाय तिच्या नावाने तिच्या मैत्रिणींना 'अडचणीत आहे, दहा हजार पाठव' असं लिहिता येतं, आणि त्या पाठवतीलही, कारण मावशीवर त्यांचा विश्वास आहे. चोराला तो हवा असतो.

म्हणून सुरुवात मेलपासून केली. सहा शब्द, नवे, सरावातले नाहीत. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले आणि ती एकेक अक्षर शोधत टाईप करत राहिली. मग जिथे जिथे तिचं खातं उघडं राहिलं होतं ती यादी बघितली: भाच्याचा जुना लॅपटॉप, बदललेला फोन, सगळे बंद केले. दुसरं कुलूप लावलं.

शेवटी खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर तपासला. तो काकांचा होता. काका जाऊन दोन वर्षं झाली, सिम बंद झालं. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, आणि मग मावशीच्या मेलचा कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार. मी हे सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली, पण बोट स्क्रीनवरच थांबून राहिलं. "हा नंबर मला पाठ आहे," ती म्हणाली. मग तिने तो काढला आणि आपला घातला.